एकच सोपा, सहा चित्रं: नवरा-बायकोचं बदलत गेलेलं नातं रंगवायचं कसं

सर, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे दुसरं कुणी वाचलं तरी समजेल. तुम्ही खानापूर भागात हायस्कूलला ड्रॉइंग शिकवता, आईवडिलांच्या लग्नाला 50 वर्षं होतायत, वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले, घर तेच जुनं कौलारू, पुढं सोपा म्हणजे दारातली बैठकीची पडवी, आणि त्या दोघांचं नातं त्या घरात कसकसं बदलत गेलं यावर सहा चित्रांची सिरीज करायचीय. रफ काढलीत ती अशी: हळदीची जोडी, पाळणा, शाळेला जाणारी पोरं, मुलीचं लग्न, चष्मा, काठी. आणि तुम्हीच लिहिलंय की हे विमा कंपनीच्या कॅलेंडरसारखं दिसायलंय, काय चुकतंय ते सांगा.

दिसायलंयच. कारण त्यात वय बदलतंय, नातं कुठं बदलतंय? सहाही रफमध्ये दोघं खांद्याला खांदा लावून आपल्याकडं बघतायत. एक करून बघा, सगळ्या रफमधली डोकी अंगठ्यानं झाका आणि खाली काय उरतं ते बघा. सहाही ठिकाणी एक शर्ट आणि एक साडी, मधलं अंतर सगळीकडं सारखंच. म्हणजे जे काही सांगायचंय ते सगळं तुम्ही पांढऱ्या केसांवर आणि सुरकुत्यांवर टाकून मोकळे झालात. आपल्या बेळगावकडं ही सवय जरा जास्तच आहे, चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांमुळं इथं पोर्ट्रेटची चांगली परंपरा झाली, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले, त्याचा अभिमान आहेच, पण आपल्यासारख्या मागून आलेल्यांनी त्यातलं सोपं तेवढं उचललं, चेहरा हुबेहूब आला की चित्र झालं. जोडप्याच्या चित्रात चेहरा सगळ्यात शेवटी येतो. आधी येतं कोण कुठं बसलंय, कोण उभं आहे, कुणाची पाठ कुणाकडं आहे आणि दोघांच्या मधल्या जागेत काय ठेवलंय.

तुम्हाला सिरीजच करायचीय तर पहिलं बघायचं ते इंग्रज चित्रकार हॉगार्थचं 'मॅरेज अ ला मोड'. साधारण 1743 ची सहा चित्रं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, ऑनलाइन मोठी करून बघता येतात. पैसा आणि पदवी यांची गाठ मारून केलेलं लग्न, शेवटी नवऱ्याचा खून आणि बायकोनं घेतलेलं विष, असा सगळा मसाला आहे, तो आपल्याला नको. पण दुसरं चित्र नीट बघा. सकाळ उलटून गेलेली, नवरा रात्रभर बाहेर राहून आलाय आणि डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता खुर्चीत पसरलाय, खाली तुटलेली तलवार, आणि एक कुत्रं त्याच्या खिशातनं बाहेर आलेली बाईची टोपी हुंगतंय. बायको चहाच्या टेबलापाशी आळस देतीय आणि तिरक्या नजरेनं बघतीय. एक खुर्ची आडवी पडलीय. दिवाणजी बिलांचा गठ्ठा घेऊन वैतागून निघालाय. दोघं एकमेकांशी भांडत नाहीत, नजरेला नजरसुद्धा देत नाहीत, कुणाच्या डोळ्यात पाणी नाही, तरी या लग्नाचं काय झालंय ते शाळेतल्या पोराला पण कळेल. सगळी बातमी खुर्ची, कुत्रं आणि बिलं देतात. माझ्या मते हॉगार्थ पुढच्या चित्रांत जरा जास्तच सांगत बसतो, भिंतीवरच्या प्रत्येक फ्रेममध्ये टोमणा घातलाय, पण हे दुसरं चित्र मात्र पाठ करण्यासारखं आहे.

त्याच्यानंतर फ्रेंच चित्रकार देगाचं 'बेलेली फॅमिली' बघा, 1858 ते 1867 एवढी वर्षं त्यानं त्याच्यावर घालवली. त्याची स्वतःची आत्या, तिचा नवरा आणि दोन मुली. आत्या काळ्या कपड्यात ताठ उभी, नुकतेच तिचे वडील गेलेत, मागं भिंतीवर त्यांचंच चित्र लावलंय, आणि नवरा शेकोटीजवळच्या खुर्चीत आपल्याकडं पाठ करून बसलाय. मधे टेबल, आणि टेबलाच्या या बाजूला धाकटी मुलगी एक पाय दुमडून बसलीय, आईकडं पण नाही बाबाकडं पण नाही. आपल्याकडच्या किती घरांत मी ही पोरगी बघितलीय. आणि अमेरिकन चित्रकार हॉपरचं 'रूम इन न्यूयॉर्क', 1932 चं. खिडकीतून दिसणारी खोली, नवरा पेपरात डोकं घालून बसलाय, बायको पियानोकडं अर्धी वळून एका बोटानं एक पट्टी दाबतीय. वाजवत नाहीय हां, नुसती दाबतीय. मधे दार आहे, बंद. नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला काही नसणं याच्यापेक्षा कमी सामानात कुणी रंगवलंय असं मला वाटत नाही.

आणि एक जोडी शेजारी शेजारी ठेवून बघा: व्हॅन आइकचं 1434 चं आर्नोल्फिनी जोडपं आणि इंग्रज चित्रकार हॉकनीचं 'मिस्टर अँड मिसेस क्लार्क अँड पर्सी', 1970-71 चं. पहिल्यात दोघं उभे, हातात हात, मागं आरसा, खाली कुत्रं. हॉकनीच्या डोक्यात तेच चित्र होतं, पण त्यानं बायको उभी ठेवली आणि नवऱ्याला खुर्चीत पसरून बसवलं, मांडीवर मांजर, आणि दोघांच्या मधोमध उघडी बाल्कनी आणि भसकन येणारा उजेड. दोघं आपल्याकडं बघतायत, एकमेकांकडं नाही. हॉकनी त्यांच्या लग्नात नवऱ्याच्या बाजूचा करवला होता, म्हणजे जवळचाच माणूस, आणि 1974 मध्ये ते लग्न मोडलं. चित्र काढताना त्याला ठाऊक होतं का नव्हतं यात मी पडत नाही, मधली जागा त्यानं जशी दिसली तशी सोडली एवढं खरं.

आता म्हणाल की मॅडम सगळं विलायतेचंच सांगायलात. तसं नाही. आपल्याकडं तर हा विषय पार शास्त्रात बसवलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ नायिका आठवा, पुढं चित्रकारांनी त्याच रंगवल्या: शय्या सजवून वाट बघणारी वासकसज्जा, नवरा रात्र दुसरीकडं काढून सकाळी उगवल्यावर फणकारलेली खंडिता, भांडून त्याला घालवल्यावर पस्तावणारी कलहांतरिता, नवरा परगावी गेलेली प्रोषितभर्तृका. गंमत बघा, हॉगार्थचं दुसरं चित्र म्हणजे खंडिताच की, फक्त हिला आता फणकारायचा पण कंटाळा आलाय. आणि बारामासाची चित्रं. केशवदास कवीच्या 'कविप्रिया' ग्रंथातल्या कल्पनेवर राजस्थानातल्या बुंदीकडच्या चित्रकारांनी काढली तशी: दर महिन्याला बायको नवऱ्याला सांगती की या महिन्यात नको जाऊ, चैत्रात एक कारण, श्रावणात दुसरं, पौषात थंडीचं. दोघं गच्चीवर नाहीतर सज्जात जवळपास त्याच ठिकाणी आणि भोवतीचं सगळं जग बदलत जातं. तुमच्या सिरीजची गुरुकिल्ली इथं आहे, फक्त उलटी करून वापरायची. त्यांनी जोडपं जागेवर ठेवून ऋतू बदलले. तुम्ही सोपा जागेवर ठेवा आणि त्यातलं जोडपं हलवा. तीच तुळई, तोच खांब, तोच माजघराचा उंबरा, तोच कोनाडा, सहाही कॅनव्हासवर अगदी इंचाइंचानं तिथंच. तुमची आय लेव्हल पण तीच. मग बघणाऱ्याचा डोळा आपोआप शोधायला लागतो की काय हललं.

आता तुमच्या घराबद्दल. मी तुमच्या आईवडिलांना भेटलेली नाही, पण खानापूर, बेळगाव, चंदगड या पट्ट्यात मिल्ट्रीवाल्या घरांतून पोर्ट्रेटची कामं पुष्कळ केलीत, त्यावरून बोलते. लग्न झालं, रजा संपली, माणूस गेला. पुढची पंधरा-सतरा वर्षं तो घरात असतो म्हणजे वर्षातली दोन महिन्यांची रजा, बाकी अंतर्देशीय पत्र आणि मनीऑर्डर. बायको सासू-सासऱ्यांच्या हाताखाली, मग हळूहळू तीच घर चालवायला लागती, भाताचं तीच बघती, सोसायटीत तीच जाती, पोरांच्या शाळेत तीच. आणि मग एक दिवस माणूस ट्रंक घेऊन कायमचा घरी येतो. त्याचं वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगात शिस्त, आणि समोर असं घर की ज्यात त्याला विचारून काहीच होत नाही. डबे कुठं ठेवलेत, दूधवाल्याचा हिशोब काय, कशातलं काही माहीत नाही आणि ऑर्डरी मात्र सुटायच्या. ती दोन-तीन वर्षं फार वाईट जातात. एका काकूंनी मला सांगितलं होतं, 'रजेवर यायचे तेव्हा पाव्हण्यासारखे लाड करत होते, कायमचे आले तेव्हा म्हटलं हा माणूस दिवसभर घरात बसून काय करूलालाय?' मी हसले, काका पण हसले, पण हसताना काका जरा दुसरीकडं बघायला लागले.

तुमच्या रफमध्ये हे चित्रच नाहीय सर. पाळणा आहे, लग्न आहे, काठी आहे. पण तुमच्या आईवडिलांचं नातं खरं जिथं वळलं असणार ते वडील कायमचे परत आले तिथं, आणि ते तुम्ही लहान असताना डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या घरी असंच झालं असं मी छातीठोक सांगत नाही, पण आठवून बघा.

म्हणून माझा सल्ला असा की दुसऱ्या चित्रात वडील दाखवूच नका. यासाठी राजा रविवर्म्याचं 1893 चं 'देअर कम्स पापा' बघा, ज्यात बाई कडेवरच्या बाळाला 'ते बघ बाबा आले' असं बाहेर बोट करून दाखवतीय, आणि बाबा चित्रात कुठंच नाहीत, फ्रेमच्या बाहेर आहेत. रविवर्म्यानं ते गोड केलंय, तुम्ही नका करू. सोप्यात वडिलांची खुर्ची असणार ना, हाताची, लाकडी? ती ठेवा आणि तिच्यावर सुपात निवडायचे तांदूळ, पोराचं दप्तर, वाळलेले कपडे, असं सगळं रचून ठेवा. ज्या घरात माणूस वर्षातनं दोनदा बसतो त्या घरात त्याची खुर्ची रिकामी राहत नाही, तिचं फडताळ होतं. भिंतीवर वर्दीतला फोटो ठेवायचा मोह होईल, शक्यतो टाळा, तो फोटो आला की सगळे त्याच्याकडंच बघतील. आणि मग चौथ्या चित्रात माणूस आला आणि खुर्चीवरचं सामान खाली जमिनीवर गेलंय, कुणी उचलून जागेवर ठेवलेलं नाही. तो बसलाय, ती उंबऱ्याच्या आत उभी. बस, याच्यापुढं भांडण रंगवायची गरज नाही.

रिकाम्या जागेचं अजून एक उदाहरण सांगते, विषय थोडा बाजूला जातो पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाची अहमदनगरची सचित्र पोथी आहे, 1565 च्या आसपासची. हुसेन निजामशहा आणि त्याची राणी खुंझा हुमायून, म्हणजे आपल्या चांदबीबीची आई. चांदबीबी पुढं विजापूरला आदिलशाहीत सून म्हणून आली, म्हणजे बेळगाव ज्यांच्या ताब्यात होतं त्यांच्या घरी. त्या पोथीत राणीला राजाच्या शेजारी सिंहासनावर बसवलेलं होतं, ही त्या काळात साधी गोष्ट नाही. नंतर कुणीतरी बहुतेक चित्रांतून राणी पुसून टाकली. राजा तसाच बसलाय आणि शेजारी डाग. चित्रातून माणूस काढला तरी त्याची जागा निघत नाही, हे त्या पुसणाऱ्यानंच दाखवून दिलं.

दुसरी मोठी गोष्ट उजेड. वर्षं सरली हे सुरकुत्यांपेक्षा उजेड चांगला सांगतो. चित्रकार हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये शाळेच्या ट्रिपला बघितलंच असेल, 1945-46 चं, जलरंगातलं, हळदणकर मूळचे सावंतवाडीचे म्हणजे आंबोली उतरलं की आपलेच. एका ज्योतीनं चेहरा आणि बोटं कशी पेटतात ते त्यात शिका. तुमचं पहिलं चित्र त्या उजेडात करा, चिमणी नाहीतर कंदील, फक्त जिथं दिवा तिथंच रंग, कोपरे सगळे काळे-तांबडे, म्हणजे दोघं आपोआप जवळ येतात कारण उजेडच तेवढा आहे. नंतर 40 वॅटचा पिवळा बल्ब वरनं लटकणारा, त्याच्यात सावल्या खाली पडतात, डोळ्यांच्या खाचा खोल दिसतात. मग ट्यूबलाइट. ट्यूबलाइट आली की घरातली गुपितंच संपली, सगळं पांढरट-हिरवट, सावली पातळ, दोघं खोलीच्या दोन टोकांना बसले तरी दोघं दिसतात. आणि मग टीव्हीचा निळा उजेड, खालून चेहऱ्यावर येणारा, दोघं एकाच दिशेला बघतायत, एकमेकांकडं नाही, पण हॉपरच्या जोडप्यासारखं दुःखी दाखवायची गरज नाही, कारण पुष्कळ जोडप्यांची दोस्ती खरी टीव्हीपुढंच झालीय. रंगाचं सांगायचं तर कंदिलाला यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि काळ्याऐवजी अल्ट्रामरीन-बर्न्ट अंबर, आणि ट्यूबलाइटला पांढऱ्यात अगदी थेंबभर व्हिरिडियन हिरवा. जास्त घातलं की हॉस्पिटल होतं.

अंतर म्हणजे नेहमी दुरावाच असं मात्र समजू नका, इथं बरेच जण घसरतात. वडगावात एका विणकर जोडप्याचं चित्र केलं होतं. पूर्वी हातमाग होता तेव्हा तो मागावर आणि ती रहाटावर कांड्या भरत बाजूला, दिवसभर बोलणं चालू. पॉवरलूम आला आणि त्या खडखडाटात बोलणं बंदच झालं, मी बघायला गेले तर वाटलं हे दोघं रुसलेत. थोडा वेळ बसल्यावर लक्षात आलं की त्यांची खुणांची भाषा आहे, भुवई वर केली की धागा तुटला, तोंडाजवळ अंगठा नेला की चहा, आणि शेजारीण आली की कसली तरी एक खूण होती ज्यावर दोघं हसायचे आणि ती काही मला सांगितली नाही. मी त्यांना खोलीच्या दोन टोकांना रंगवलं, मधे अख्खा माग, आणि तिची भुवई वर. तुमच्या आईवडिलांचं पण असं काहीतरी असणारच, नावानं हाक न मारता अर्धं आयुष्य काढलेल्या माणसांकडं खुणा भरपूर असतात. ते शोधा. सहाव्या चित्रात काठीपेक्षा ते हवं.

बोनार्डबद्दल एक सावधगिरी. फ्रेंच चित्रकार पिअर बोनार्डला त्याची बायको मार्त 1893 ला भेटली, लग्न 1925 ला, ती 1942 ला गेली, आणि सगळा काळ तो तिला घरात रंगवत राहिला, न्हाणीत, टेबलापाशी, खिडकीत. ती म्हातारी झाली, आजारी राहिली, चित्रात मात्र तरुणच. टबमधलं एक चित्र तर त्यानं ती गेल्यानंतर पूर्ण केलं. रंग म्हणाल तर वेड लावणारे. पण ते मार्तचं चित्र कमी आणि बोनार्डच्या आठवणीचं जास्त आहे, त्याला तो हक्क होता, नवराच होता. तुम्ही मुलगा आहात. मुलाला आईबाप एकतर फार सुखी दाखवायचे असतात नाहीतर आईची बाजू घेऊन बापाला धोपटायचं असतं. दोन्ही चित्राला मारक.

म्हणून ब्रश उचलायच्या आधी एक काम करा. दोघांना वेगवेगळं बसवून, एकत्र नाही हां, एकत्र बसवलं की वडीलच बोलतील, एवढंच विचारा की तू कुठं बसायचीस, तुम्ही कुठं बसायचा, जेवण कुणाचं आधी, रात्री अंथरूण कुठं पडायचं, भांडण झालं की तू कुठं जायचीस. 'तुमचं नातं कसं होतं' असलं विचारू नका, 'चांगलं होतं की' एवढंच उत्तर येईल. जागेबद्दल विचारलं की माणूस खरं बोलतो. 'परड्यात जायची, लाकडं फोडायला' असं काहीतरी ऐकायला मिळेल. मग सोप्याचा एक साधा नकाशा काढा, दहा-बारा झेरॉक्स मारा, आणि एकेका काळासाठी दोघांच्या जागी ठिपके द्या, कुठं बघतायत त्याचा बाण द्या. घरातलं सामान कधी आलं ते पण त्याच्यावर लिहा, लोखंडी कपाट, टीव्ही, गॅस. गॅस आल्यावर आई चुलीपाशी बसायची ती ओट्यापाशी उभी राहायला लागली, म्हणजे सोप्यातून दिसायची बंद झाली का दिसायला लागली? अशा गोष्टींवर चित्र ठरतं. त्या नकाशांवरून थंबनेल म्हणजे छोटी कच्ची चित्रं काढा, काडीची माणसं चालतील, नाकडोळे मुळीच नकोत.

सामानाचं थोडक्यात. खानापूरच्या पावसात मातीच्या भिंतीवर कागदावरचं जलरंग टिकवणं अवघड, दोन पावसाळ्यांत बुरशीचे ठिपके येतात, काच लावली तरी. कार्यक्रम दिवाळीनंतर आहे म्हणताय, म्हणजे पावसाळ्यात ऑइल पण वाळणार नाही, आणि ऑइलला व्हार्निश करायला सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. ॲक्रेलिकच घ्या, कंदिलाच्या चित्रात कडा मऊ हव्या असतील तिथं रंग सावकाश वाळवणारं रिटार्डर घाला. 18 बाय 24 इंचाच्या वर जाऊ नका, सोप्यात सहा लावायचीत. एमडीएफची फ्रेम फुगते, साध्या लाकडाची करा, आणि मागं चारी कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि चित्राच्या मधे हवा खेळती राहील.

आणि क्रमानं एक ते सहा असं करत बसू नका, पहिल्यात हळदीच्या साडीचे काठ रंगवण्यातच महिना जाईल तुमचा, मला ठाऊक आहे. वडील कायमचे परत आले ते चौथं आधी करा. ते जमलं तर बाकीची पाच त्याच्यावरून ठरतील, आणि ते आईला आधी दाखवा, तिनं नको म्हटलं तर दुसरं काहीतरी शोधू.